रेती भरताना

सोहारच्या बाहेर, तिसऱ्या गल्लीतल्या बंगल्यामागे
पहाटे पाचलाच तेहतीस अंश.
कुंपणापलीकडे नजर पोचेल तिथवर वाळू
आणि आम्ही टेम्पोतून उतरवतोय
वाळूचीच पोती. इजिप्तची. वीस.

टेकबहादूर दर वेळी हसतो.
भाऊ, फावडं घेऊन भिंतीपलीकडे जाऊ का?
सुकुमारननं मला सांगितलं होतं तेच मी त्याला सांगतो:
ती वाऱ्यानं घासून घासून गोल झालीय, पिठासारखी,
बसली की पाण्यालाच वाट देत नाही.
गाळायचं तर कणांना कोन लागतात.

टाकी आधी पाणसळीत.
तळाशी प्लास्टिकच्या नळ्या, चिरा पाडलेल्या,
उघड्या पंजासारख्या.
त्यातलं एक बोट मोडलं
की सगळी रेती तलावात.
म्हणून अर्ध्या टाकीला पाणी भरायचं, मगच पोतं फोडायचं.
मधल्या नळीच्या तोंडाला पिवळी पिशवी बांधलीय,
दोन वेढे टेप.

माझा बाप रेती वर काढायचा.
दाभोळच्या खाडीत रोवलेल्या बांबूला धरून
खाली, बादलीसकट, श्वास कोंडून.
दिवसाच्या डुब्या तो मोजत नसे,
त्या मुकादम मोजायचा.
पंचेचाळिशीत दोन्ही कान गेले.
मी कोरड्यात उभा राहून
रेती परत पाण्यात सोडतो.
ह्याचे रियाल मिळतात.

पिशवी सोडली. कडेवरचा कण न् कण पुसला,
रबरी कड्याला ग्रीस, झाकण, पट्टा, बोल्ट.
हँडल दाबून बॅकवॉशवर.
पंप चालू असताना हँडलला हात लावायचा नाही,
हे एकच वाक्य टेकबहादूरला
मी तीन भाषांत सांगून झालंय.

मग बटण.
आधी नुसती हवा, खोकल्यासारखी.
मग बोटभर काचेच्या कुपीत पाणी:
दुधासारखं,
ताकासारखं,
मग पेज निवल्यावर वर येतं तसं.

तिकडे साडेनऊ झालेले. फोन लावला.
आवाजाचा उपयोग नाही, आई त्याच्यापुढे फोन धरते.
मी कॅमेरा कुपीवर नेला.
इकडे पंपाची घरघर, तिकडे कोंबडी,
आणि मधे तो, डोळे बारीक करून.
पाणी स्वच्छ दिसत होतं. माझा हात स्विचवर.
तेव्हा तो ओरडला
(त्याला वाटतं आपण हळू बोलतोय):
थांब. खालचं यायचंय अजून.

मिनिटभरानं कुपीत
करडा ढग आला आणि बराच वेळ गेला नाही.

त्यानं तेवढ्यात फोन आईकडे दिला होता.
आई म्हणाली, जेवलास?

पंप बंद, हँडल रिन्सवर, पंप चालू, पुन्हा बंद.
शेवटी फिल्टरवर.
काटा शून्य पूर्णांक सातवर थरथरून थांबला.
टाकीच्या पोटावर मार्करनं आकडा लिहिला, तारीख लिहिली.
ह्याच्या वर काटा फार चढला
की समजायचं, आत साचलंय, धुवायला हवं.

मालकाची आई काठी टेकत आली.
पाणी आजच निळं होणार का?
नाही, अम्मा. कोरी रेती नीट गाळत नाही.
थोडी मळली की मग गाळायला लागते.
तिला वाटलं मी चेष्टा करतोय.
मग ती काठावर बसली, चपला काढल्या,
आणि त्या गढूळ पाण्यातच पाय सोडले.

साडेबाराला काम बंद, उन्हाळ्याचा कायदाच आहे.
अर्धं पोतं उरलं, ते टेकबहादूरनं गाडीत टाकलं,
सुकुमारनला हिशेब द्यायचाय.
मी दारात उभा राहून बूट झटकले.
मुठीएवढी निघाली.
त्यातली इजिप्तची कुठली
आणि सोहारची कुठली,
संध्याकाळी बापाला दाखवून विचारायला हवं.